११६ नंबरचा इतिहास कुठून सुरू करायचा?

कट्ट्यावर विषय निघाला मुंबई महापालिकेच्या भांडुपमधल्या ११६ नंबरच्या वॉर्डावरून. शेखरचं म्हणणं सरळ होतं. वॉर्डाचा निवडणुकीचा इतिहास लिहायचा तर नंबर घ्यायचा, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२६ चे निकाल एकाखाली एक मांडायचे. बालेकिल्ला कोणाचा ते लगेच कळतं.

"काही कळत नाही," नाना म्हणाले. "नंबर म्हणजे नुसती रांग. दहिसरला १, पश्चिम उपनगरं संपली की मुलुंडकडून पूर्व उपनगरं, मग शहर, आणि कुलाब्याला २२७. रांगेत वर कुठे वॉर्ड वाढला की खालचे सगळे सरकतात. २०१७ च्या आधी तेच झालं. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्हा ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आला, उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. म्हणून शहराचे ७ वॉर्ड कमी झाले. ५ पश्चिमेला गेले, २ पूर्वेला. एकूण २२७ च राहिले, पण वाटणी ५६ शहर, १०२ पश्चिम, ६९ पूर्व अशी झाली. मग २०१२ चा ११६ आणि २०१७ चा ११६ एकच, असं तू कशावरून धरलंस?"

"मग इतिहास लिहायचाच नाही का?"

"लिहायचा ना. पण नंबरचा नाही, जमिनीचा."

प्राचीने कागद पुढे ओढला. वॉर्डरचनेची अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या, व्याप्ती आणि चारही दिशांच्या सीमा तिच्यात लिहिलेल्या असतात. वॉर्ड बनतो जनगणनेच्या प्रगणक गटांतून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांतून. १ कोटी २४ लाखांना २२७ ने भागलं की सरासरी ५४,८०० च्या आसपास येते आणि त्यात १० टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे एक वॉर्ड ४९ हजारांचा आणि शेजारचा ६० हजारांचा असू शकतो, दोन्ही नियमात. पहिलं काम हे, की जुन्या आणि नव्या अधिसूचनेतल्या सीमा एका नकाशावर काढायच्या आणि जुन्या वॉर्डाचा कुठला तुकडा कुठे गेला ते पाहायचं.

"मग ६० टक्के लोकसंख्या इकडे आली असेल तर जुनी ६० टक्के मतं इकडे मांडायची. सोपं आहे," शेखर म्हणाला.

सलीम हसला. "तिथेच सगळे आपटतात. मतं काय लोण्यासारखी सारखी पसरलेली असतात का? डोंगरावरची वस्ती एका पक्षाला, स्टेशनजवळच्या सोसायट्या दुसऱ्याला. गेलेल्या ४० टक्क्यांत वस्तीच गेली असेल तर तुझा बालेकिल्ला शेजारच्या वॉर्डात गेला आणि तू इथे त्याची ६० टक्के मतं मांडत बसलास."

म्हणून मतदान केंद्रनिहाय आकडे लागतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं (कट्ट्यावर दुर्मीळ गोष्ट). पण केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीला बदलतात, आणि एकाच शाळेत दोन वॉर्डांची केंद्रं असू शकतात. म्हणून केंद्र शाळेच्या नावाने जुळवायचं नाही. त्या केंद्राला जोडलेल्या यादीत कुठल्या इमारती आणि चाळी आहेत ते वाचायचं आणि त्यावरून जुळवायचं. यादीतही फसगत होते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिची वॉर्डनिहाय फोड करतो. सीमा एखाद्या गल्लीतून गेली असेल तर समोरासमोरच्या इमारती चुकून एकाच वॉर्डात पडतात. प्रारूप यादीवरच्या हरकती बऱ्याचदा याच असतात.

आणखी एक सापळा नानांनी सांगितला. २०२२ मध्ये २३६ वॉर्डांची रचना झाली होती, आरक्षणाची सोडतसुद्धा निघाली होती. पुढे सरकार बदललं, संख्या परत २२७ वर आली. त्या २३६ वर निवडणूक कधी झालीच नाही, पण नकाशे अजून मोबाइलवर फिरतात. कुणी २०१७ चा निकाल त्या नकाशावर बसवला की सगळंच चुकतं.

शेखर मात्र हटला नव्हता. "सीमा जुळवल्या समजा. मग तरी पक्षाची ताकद दिसेल की नाही? भाजप २०१२ ला ३१, २०१७ ला ८२. ही वाढ खोटी?"

"खोटी नाही, फुगलेली," नाना म्हणाले. "२०१२ ला महायुती होती. शिवसेनेकडे १३५ जागा, भाजपकडे ६३, रिपाइंकडे २९. भाजपचे ३१ आले ते ६३ पैकी. २०१७ ला युती तुटली आणि दोघे आमनेसामने लढले. २०१२ ला उमेदवारच नव्हता तिथे २०१७ ला मतं दिसली म्हणून ती वाढ म्हणणार का तू? आणि त्याच वेळी मतदान सुमारे ४५ टक्क्यांवरून ५५ वर गेलं, ते वेगळंच."

चौरंगी लढतीत आकडे कसे फसवतात तेही बोलून झालं. समजा मतदार ४० हजार आणि मतदान ५५ टक्के. मतं पडली २२ हजार. ६,५०० वाला जिंकतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी. युती झाली तर दुसरा आणि तिसरा मिळून त्याला आरामात पाडतात, एकही मतदार न बदलता. २०१७ ला दक्षिण मुंबईतल्या २२० मध्ये तर शिवसेना आणि भाजप दोघांना ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठीने लागला, भाजपच्या बाजूने. तक्त्यात तो वॉर्ड भाजपचाच दिसणार.

"आता तुझ्या ११६ वर ये," सलीम म्हणाला. "फेब्रुवारी २०१७, काँग्रेसच्या प्रमिला पाटील निवडून आल्या. त्यांच्या निधनानंतर ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांच्या सून जागृती पाटील भाजपकडून उभ्या राहिल्या, ११,१२९ मतं. शिवसेनेच्या मीनाक्षी पाटील ६,३३७. फरक ४,७९२. सीमा त्याच, मतदार तेच, वर्ष तेच. वॉर्ड काँग्रेसचा की भाजपचा?"

"घराचा," शेखर पुटपुटला.

"सगळीकडे नाही. पण पोटनिवडणूक गाळलीस तर हा प्रश्नही पडणार नाही. आणि त्या निकालानंतर लगेचच मनसेच्या ७ पैकी ६ नगरसेवकांनी शिवसेनेत उडी मारली. जात प्रमाणपत्र अवैध ठरून काहींची पदं गेली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला जागा मिळाली, तीही मतदान न होता. त्या सभागृहाचा सुरुवातीचा आणि शेवटचा पक्षनिहाय तक्ता जुळत नाही तो यामुळे."

आरक्षणावर फार वेळ गेला नाही. २०२५ च्या सोडतीत २२७ पैकी अनुसूचित जाती १५, जमाती २, इतर मागासवर्ग ६१, आणि सगळे प्रवर्ग मिळून महिलांना ११४. वॉर्ड महिला राखीव झाला की आधीचा नगरसेवक शेजारच्या वॉर्डात जातो किंवा घरातलं नाव पुढे येतं. म्हणून प्राचीचा आग्रह, की उमेदवाराचा माग नंबर ओलांडून ठेवायचा, नाहीतर त्याची चार टर्म चार तुकड्यांत सांडतात.

शेवटी अडलं २०२६ वर. जनगणना तीच २०११ ची, वॉर्ड २२७ च, त्यामुळे सीमा बऱ्याचशा २०१७ च्याच जवळ. आता जमीन जुळते पण पक्ष जुळत नाही. शिवसेना दोन झाल्या. एकीकडे शिंदेंची, चिन्ह धनुष्यबाण, भाजपबरोबर. दुसरीकडे ठाकरेंची, चिन्ह मशाल, मनसेबरोबर. निकाल भाजप ८९, मशाल ६५, काँग्रेस २४, धनुष्यबाण २९.

शेखरला दोन्ही सेना एका रकान्यात हव्या होत्या, म्हणजे २०१७ च्या ८४ शी तुलना होईल. सलीम म्हणाला, मग मनसेची मतंही मशालीत मिळव, युती होती. नानांनी दोन्ही फेटाळलं.

"मिळवायचं काही नाही. मशालीने जागा मनसेला सोडली तिथे मशालीचा रकाना कोरा ठेव. शून्य लिहू नकोस. शून्य म्हणजे लढला आणि मत पडलं नाही. कोरा म्हणजे लढलाच नाही. २०१२ ला भाजपचे असे १६४ रकाने कोरे आहेत. तुझ्या वहीतल्या तक्त्यात सगळीकडे शून्य दिसतंय."

शेखरने वही परत खिशात घातली नाही. त्याने विचारलं, "आणि कोऱ्यात पेन्सिलने 'युती, जागा मनसेला' असं लिहिलं तर चालेल?"

"पेनाने लिही," नाना म्हणाले.