ओके म्हणजे 'झिरो किल्ड' नाही हो

तो फॉरवर्ड परत फिरतोय. अमेरिकेच्या यादवी युद्धात एखाद्या तुकडीतला एकही सैनिक मेला नाही की बोर्डावर 'झिरो के' म्हणजे झिरो किल्ड लिहायचे, त्याचंच पुढे ओके झालं, आणि म्हणून ओकेचा खरा अर्थ 'सगळे सुखरूप' एवढाच. परवा भाचीने शाळेच्या चार्टवर हेच लाल स्केचपेनने लिहिलेलं बघितलं आणि राहवलं नाही.

आधी तारीख बघा. ते युद्ध सुरू झालं १८६१ ला. आणि ओके छापून आलंय २३ मार्च १८३९ ला, 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या पेपरात, म्हणजे २२ वर्षं आधी! जे युद्ध अजून झालंच नाही त्याच्या बोर्डावरून शब्द कसा येईल? आणि त्या युद्धात सहा लाखांच्या वर माणसं गेली, त्याला असली गोड गोष्ट चिकटवलेली मला तरी बघवत नाही.

मग ओके आलं कुठून? तेव्हा बोस्टनच्या पेपरवाल्यांमध्ये एक फॅड होतं, मुद्दाम स्पेलिंग चुकवायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट'चं पहिलं अक्षर ए न लिहिता ओ, सीच्या जागी के, झालं ओके. 'ऑल राइट'चं तसंच ओडब्ल्यू. आपल्याकडे पोरं 'जे१ झालं का' टाइप करतात ना, अगदी तोच प्रकार. त्या बातमीत ओकेच्या शेजारीच 'ऑल करेक्ट' असा खुलासाही छापलाय, अजून काय पुरावा पाहिजे? ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुने पेपर चाळून हे सगळं पुढे आणलं.

ओडब्ल्यू लोक विसरले पण ओके टिकलं, कारण १८४० ची निवडणूक. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे, त्यांच्या समर्थकांनी ओके क्लब काढले. ते पडले, शब्द देशभर झाला.

जीकेच्या पीडीएफमधलं 'ऑब्जेक्शन किल्ड' तर सोडूनच द्या, त्याला जुना लेखी आधार कुणी दाखवलेला नाही. चॉक्टॉ या मूळ अमेरिकन भाषेतून आला हे मत मात्र जरा वजनदार, राष्ट्राध्यक्ष विल्सन त्यावर विश्वास ठेवून कागदांवर वेगळ्या स्पेलिंगने 'ओके' लिहायचे. पण शब्द सारखा वाटला म्हणजे तिथूनच आला असं होत नाही, आणि १८३९ चा तो खुलासा पुसता येत नाही.

राहिलं 'एकच अर्थ'. साहेबांनी बिल ओके केलं म्हणजे मंजूर केलं. पिक्चर कसा होता, 'ओके होता', म्हणजे ठीकठाक, नाही बघितला तरी चालेल. पडलास का, ओके आहेस ना, हे लागलं नाही ना असं विचारणं. 'ओके, आता पुढचं बोलू' यात तर होकारही नाही, नुसता विषय बदललाय. आणि २०२२ मध्ये 'काय झाडी, काय डोंगार'च्या शेवटी जे ओके आलं ते पार कौतुकाचं, एक नंबरच्या जवळ जाणारं. भाचीच्या चार्टवर आम्ही कोरा कागद चिकटवला आणि ही सगळी वाक्यं तिनेच स्वतःच्या हाताने लिहिली, वर तारीख टाकून, २३ मार्च १८३९.