टॉवेलचं स्पेलिंग

चेन्नईच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला तेव्हा मी आठ मिनिटांत सहा वेळा यस, चार वेळा ओके आणि शेवटी एकदा थँक्यू म्हणालो, आणि संध्याकाळी त्याचा मेल पोरीनं वाचून दाखवल्यावर कळलं की मी टॉवेलमागं नऊ रुपये सोडलेत, 45 दिवसांची उधारी दिलीय आणि ट्रान्सपोर्टपण अंगावर घेतलाय. थँक्यू बहुतेक त्याबद्दलच म्हणालो असणार.

बायको म्हणाली, "अहो, नुसतं हॅलो म्हणून कट केला असता तरी पैसे वाचले असते की."

तसा मी भाषेला भिणारा माणूस नाही हो. सोलापुरात जन्मलं की तीन-चार भाषा फुकटात पदरात पडतात. मागावर तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला "ऊटा आयता?", विजापूर वेशीत हिंदी-उर्दूची खिचडी आणि घरी आपली "काय करायलास बे". यातल्या एकाही भाषेचं व्याकरण मला कुणी विचारलं नाही, चुकलो तर समोरचा हसायचा आणि चहा सांगायचा. इंग्रजीत चुकलं की छडी. आमच्या वेळी ती पाचवीपासून होती (2000 पासून पहिलीपासून झाली, पण आमची गाडी तोपर्यंत सुटली होती).

मग काय, मोबाईलवर अ‍ॅप घेतलं. त्यात एक मुलगा सफरचंद खातो. पंधरा दिवस खातोय. बाबा रे, एकदा तरी शेंगाचटणी घे, कडक भाकरी घे! आणि मला पाहिजे होतं "आधी अ‍ॅडव्हान्स टाका, माल शुक्रवारी निघेल", ते त्या अ‍ॅपमध्ये कुणीच कुणाला म्हणत नाही.

शेवटी पोरीची शिकवणी लावली. सातवीत आहे, फी म्हणून रोज एक आइस्क्रीम. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पप्पा, टॉवेल नाही, टाउअल." वीस वर्षं ज्या शब्दावर घर चाललं तोच चुकीचा! बरं, म्हटलं ओ डब्ल्यू म्हणजे आउ, मग बी ओ डब्ल्यू एल? तर तो बोल. आणि आर ओ डब्ल्यू? तर रो म्हणजे रांग, आणि अगदी तसंच लिहून राउ म्हणजे भांडण. आता रेशनच्या रांगेत ही दोन्ही एकदमच असतात ते सोडा, पण वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं?

खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड सर राहतात, त्यांनी समजावलं. इंग्लंडमध्ये 1476 ला कॅक्सटननं छापखाना काढला, छापता छापता स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, पण बोलणारे काय थांबतात होय, उच्चार पुढं बदलतच गेले. नाइट, म्हणजे रात्र नव्हे, सरदार, त्यातला के म्हणे पूर्वी खरंच म्हणायचे. आणि डेट, म्हणजे कर्ज, त्यात बी कधी बोलतच नव्हते, पुढं विद्वानांनी लॅटिन शब्दासारखं दिसावं म्हणून तो घुसवला. उधारीत न बोलता कायतरी घुसवायची पद्धत फक्त आमच्या मार्केटात नाही तर! हे ऐकून मला त्या भाषेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

एसची भानगड मात्र अजून डोक्यात बसेना. एका टॉवेलला एस नाही, अनेक झाले की टॉवेल्स. पण क्रियापदाला उलटं, एकटा येतो तेव्हा कम्स आणि घोळका आला की नुसतं कम. म्हणजे एस एकच, नामानं घेतला की क्रियापदानं सोडायचा. डझ आला की तो तिथंच अडकतो आणि क्रियापद मोकळं. मी हे असंच, एका चादरीत दोन भावंडं, म्हणून पाठ केलंय. सरांना सांगितलं तर ते बराच वेळ खाली बघत बसले.

सासरे अधूनमधून टोचतातच. "आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 ला चीनला गेले, तिथं चिनी शिकले, आणि जावईबापूंना घरात पंखा लावून इंग्रजी येईना." यावर काय बोलणार. मी बिलबुकाच्या मागच्या पानावर धंद्याची वीस वाक्यं देवनागरीत लिहिली आणि रोज सकाळी संभाजी तलावाला चकरा मारत मोठ्यानं म्हणायला लागलो. लोकांना वाटायचं कानात ब्लूटूथ आहे. त्या वीसात सगळ्यात कामाचं निघालं ते प्लीज स्पीक स्लोली, हे म्हटलं की समोरच्याचं इंग्रजी पण एकदम सोपं होतं.

परवा चेन्नईचा फोन परत आला. पाठ केलेलं म्हटलं, तो सावकाश बोलायला लागला, आणि चक्क कळलं, अजून पाच रुपये कमी करा म्हणत होता. मी म्हणालो, "नो." एवढं जमलं. पुढं सांगायचं होतं की आम्हाला परवडत नाही, पण वी डू नॉट की वी डझ नॉट? वी म्हणजे आम्ही, घोळका, म्हणजे एस नाही, पण दुकानात तर मी एकटाच... असा हिशोब चालला होता आणि फोनवर सगळी सामसूम.

"ओके ओके सर," तोच घाईघाईनं म्हणाला, "ओल्ड रेट."

म्हणजे ते नऊ रुपये पण परत! बायको दारातनं बघत होती. "काय म्हणालात हो त्याला?"

"काहीच नाही," म्हटलं.