हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन ‘दर वेळी दुसऱ्या शुक्रवारी रात्री आठला’ नसतं

यंदा, २०२६ च्या फेब्रुवारीत फिरलेला एक मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला तो तीन ग्रुपवर मिळाला. मजकूर थोडक्यात असा: ‘हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन नेहमी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी रात्री आठला होतं. त्याआधी एकही सामना होत नाही, तसा नियमच आहे. अंधारात ज्योत उठून दिसावी म्हणून सोहळा कायम रात्री ठेवतात. शुक्रवारी, ६ तारखेला रात्री आठला टीव्ही लावा. चुकला तरी हरकत नाही, नाचगाणंच तर असतं.’

माझ्या आत्याने त्यावर विश्वास ठेवला. ती ७६ वर्षांची आहे आणि तिला आरिफ खानचं भारी कौतुक. गुलमर्गच्या उतारांवर स्कीइंग शिकलेला हा मुलगा २०२२ साली बीजिंगला गेलेला एकटा भारतीय खेळाडू होता. पण गलवानच्या चकमकीतल्या चिनी सैनिकाच्या हाती तिथे मशाल दिली गेली. त्यावर भारताने समारंभावर राजनैतिक बहिष्कार टाकला आणि दूरदर्शनने उद्घाटन थेट दाखवलं नाही. त्यामुळे यंदा तरी तिरंगा येताना बघायचाच, असं आत्याने ठरवलं होतं. लवकर जेवून, भांडी आवरून ती आठच्या आधीच टीव्हीसमोर बसली. साडेनऊला तिचा फोन आला, “अरे, हे सुरू कधी होणार?”

सुरू होणार होतं रात्री साडेबाराला. आठ ही यजमान मिलानमधली वेळ आणि फेब्रुवारीत इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे आपल्याकडे तोवर ७ तारीख लागलेली. मेसेज लिहिणाऱ्याने इटलीतली वेळ जशीच्या तशी उचलली. आत्या अकरापर्यंत तग धरून होती, मग झोपली.

‘रात्री आठ’ला आपल्या घड्याळात तसा काही अर्थच नाही. बीजिंगमध्ये आठ वाजता पडदा उघडला तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच झाले होते. २०१० साली व्हँकुव्हरला १२ तारखेच्या संध्याकाळी सहाला सोहळा सुरू झाला, तो आपल्याकडे १३ तारखेच्या सकाळी साडेसातला. दर वेळी यजमान शहराची वेळ बघून हिशोब करावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

आता दुसरा शुक्रवार. शुक्रवारचं म्हणणं अलीकडच्या काळापुरतं खरं आहे. २००२ पासून २०२६ पर्यंतची सातही उद्घाटनं शुक्रवारीच झाली. पण त्यातली २०१४, २०२२ आणि २०२६ ची पहिल्या शुक्रवारी. मेसेजमध्ये दिलेली ६ तारीखसुद्धा पहिल्याच शुक्रवारची, हे पुढे पाठवणाऱ्या कुणी कॅलेंडरवर पाहिलं नाही. त्याच्या मागे गेलात तर १९९८ ला नागानोत शनिवार, १९८४ ला सारायेव्होत बुधवार. फेब्रुवारीसुद्धा कायमचा नाही. शामोनी १९२४, सेंट मॉरिट्झ १९४८, कोर्तिना १९५६ आणि इन्सब्रुक १९६४ ही चारही उद्घाटनं जानेवारीत झाली. कोर्तिनाचं तर २६ जानेवारीला! आणि इन्सब्रुकचं, २९ जानेवारीचं, आपण तरी विसरू नये. जेरेमी बुयाकोव्स्कीच्या रूपाने भारत हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो तिथेच.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य मात्र ‘आधी एकही सामना होत नाही’ हे आहे. यंदा कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाची, मिश्र दुहेरी ४ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. दहा जोड्या आणि प्रत्येकीचा उरलेल्या नऊ जणींशी सामना, म्हटल्यावर वेळ लागणारच. बीजिंगमध्येही कर्लिंग दोन दिवस आधी सुरू झालं. २०१४ ला सोचीत उद्घाटनाच्या आदल्या दिवशी स्नोबोर्ड आणि फिगर स्केटिंग सुरू झालं होतं.

हे आजकालचं खूळही नाही. ऑस्लो, १९५२. उद्घाटन १५ फेब्रुवारीला. पण महिलांची जायंट स्लॅलम ही स्कीइंगची शर्यत १४ तारखेलाच नोरेफयेलच्या डोंगरावर झाली आणि अमेरिकेची १९ वर्षांची अँड्रिया मीड लॉरेन्स सुवर्णपदक जिंकून मोकळी झाली. खेळ सुरू झाल्याचं जाहीर व्हायच्या आत तिच्या गळ्यात पदक पक्कं! १९८० च्या लेक प्लॅसिडमध्ये पुढे सोव्हिएत संघाला हरवून गाजलेला अमेरिकेचा आइस हॉकी संघ पहिला सामना खेळला तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, स्वीडनशी. शेवटच्या २७ सेकंदांत गोल करून त्यांनी २-२ अशी बरोबरी साधली. उद्घाटनाची वाट बघत बसलेल्यांचा हा सामना हुकला असता.

‘कायम रात्रीच’ हेही चूक. नागानोचा सोहळा सकाळी अकराला होता. बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीतलं समूहगान पाच खंडांतल्या गायकवृंदांनी एकाच वेळी गायलं. सेइजी ओझावा जपानमध्ये संचालन करत होते आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची रात्र होती. ज्योत जपानची फिगर स्केटर मिदोरी इतोने भरदिवसा पेटवली आणि ती छान दिसली.

राहता राहिलं ‘चुकला तरी हरकत नाही’. हे वाचून मला खरंच राग आला, कारण आपल्यासाठी एका उद्घाटनाची तारीख अवघ्या दोन दिवसांनी चुकली होती. भारतीय ऑलिंपिक संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. तिच्या नव्या निवडणुका झाल्या ९ फेब्रुवारी २०१४ ला. सोचीचं उद्घाटन होतं ७ तारखेला. त्या रात्री शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल स्टेडियममध्ये आले ते तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांच्या झेंड्यामागून. नागानोला १६ व्या वर्षी भारताकडून एकटा उतरलेला केशवन ८ आणि ९ तारखेला ल्यूजच्या घसरगाडीवर चारही फेऱ्या स्वतंत्र खेळाडू म्हणूनच उतरला. ११ तारखेला निलंबन उठलं. नंतर क्रीडाग्रामात तिरंगाही चढला, पण तोवर केशवनची शर्यत संपली होती.