मुलाखतीचे मानधन माणसे बिघडवते का?

मुलाखती आणि गटचर्चा घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः पीएच.डी.चे विद्यार्थी आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते यांच्यात, एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. सहभागींना पैसे देऊ नका, कारण पैशासाठी भलतीच माणसे येतात; आलेली माणसे आपल्याला आवडेल तेच बोलतात; गरिबाला पैसे देणे हे आमिष ठरते; आणि एकदा पैसे दिले की पुढच्या संशोधकाशी कोणी फुकट बोलत नाही. या चारही विधानांत थोडे थोडे तथ्य असल्यामुळेच हा सल्ला टिकून आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला चुकीचा वाटतो.

पैशासाठी येणारी माणसे वेगळी असतात, हे मान्य केले तरी फुकट येणारी माणसेही वेगळीच असतात, याचा विचार या सल्ल्यात कुठेच नाही. ऊसतोडीचे उदाहरण घ्या. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, आणि एखाद्या दिवशी खाडा झाला तर दंड बसतो. अशा बाईकडे दीड तास मागणारा संशोधक तिचा वेळ फुकट घेतो आहे असे आपण म्हणतो, पण तिला तो फुकट पडत नाही. मग बोलायला कोण येते? त्या दिवशी फडावर न गेलेली, किंवा मुकादमाने ‘जा, बोल’ म्हणून सांगितलेली. शहरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला सकाळी अकराच्या गटचर्चेला बोलावले तर तीच गोष्ट घडते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. अर्ध्या दिवसाचे दीडशे रुपये सोडणे ज्याला परवडते तोच विनामोबदला येतो, आणि अहवालात मात्र त्याचाच आवाज ‘समाजाचा आवाज’ म्हणून छापला जातो.

पैसे दिले की हवी तेवढी माणसे मिळतात, असेही नाही. अमेरिकेत स्कॉट हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दोन खऱ्या वैद्यकीय चाचण्यांमधील सहभागींच्या भरतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान सोडवण्याच्या चाचणीत शून्य, २०० किंवा ५०० डॉलर देऊ केले, तेव्हा रक्कम वाढली तशी भरती वाढली. रुग्णालयातील रुग्णांना चालते करण्याच्या दुसऱ्या चाचणीत शून्य, १०० किंवा ३०० डॉलर देऊनही फरक पडला नाही. मुलाखत आणि वैद्यकीय चाचणी यांत अंतर आहे हे खरे, पण रक्कम हे भरतीमागचे एकमेव कारण नसते, एवढे यावरून नक्की म्हणता येते. रक्कम फारच तुटपुंजी असेल तर ती उलटही पडते: इस्राएलमध्ये उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रत्येक अचूक उत्तराला अगदी क्षुल्लक पैसे मिळणाऱ्या विद्यार्थ्यांनी काहीच न मिळणाऱ्यांपेक्षा कमी प्रश्न सोडवले. तासभर बोलणाऱ्या माणसाच्या हातावर वीस रुपये ठेवण्यापेक्षा न दिलेले बरे.

खोटेपणाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. होली फर्नांडेझ लिंच आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात, सहभागासाठीच्या पात्रतेची अट आधीच सांगितल्यावर पैशासाठी तिच्याविषयी खोटे बोलणाऱ्यांचे प्रमाण अंदाजे १० ते २३ टक्के आढळले. पण ५ डॉलरवरून २० डॉलरवर गेल्याने ते वाढत गेले, असे दिसले नाही. मुलाखती व्हिडिओ कॉलवर आल्यापासून मानधनाच्या व्हाउचरसाठी भलत्याच नावाने बसणाऱ्यांचे अनुभवही अनेक संशोधकांनी नोंदवले आहेत. यावर उपाय आहे, आणि तो मानधन बंद करण्याचा नाही: पत्रकात पात्रतेच्या अटी उघड करू नयेत, रकमेची जाहिरात ठळक करू नये, आणि आधी फोनवर पाचदहा मिनिटे मोकळे प्रश्न विचारून खातरजमा करावी. समोरच्याला आवडेल ते बोलण्याची सवय तर पैशाशिवायही असते. आरोग्य केंद्रासाठी काम करणाऱ्या आशा सेविकेने हाताला धरून आणलेली बाई त्या केंद्राविषयी तक्रार किती मोकळेपणाने करील?

आमिषाविषयी बोलताना ‘मोबदला’ आणि ‘अवाजवी मोबदला’ यांची गल्लत होते. माणसांवरील संशोधनाच्या नैतिकतेविषयीच्या, अमेरिकेतील १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाचा आक्षेप अवाजवी किंवा अनुचित मोबदल्यावर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही सहभागींना गैरसोय, दिलेला वेळ आणि बुडालेली मजुरी यांसाठी रोख किंवा वस्तुरूपात मोबदला देण्यास मुभा देतात. तो आमिष ठरणार नाही हे पाहण्याची जबाबदारी संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर असते. हॅल्पर्न यांच्या दोन्ही चाचण्यांत जास्त रकमेमुळे लोकांना धोका कमी वाटू लागला किंवा गरीबच अधिक ओढले गेले, असा पुरावा मिळाला नाही.

पुढच्या संशोधकाची काळजी मला पटत नाही. वारंवार सर्वेक्षण होऊनही ज्या वस्तीच्या हाती कधी काही लागत नाही, तिथली माणसे आपोआपच दार लावून घेतात. अनुदान नसलेल्या विद्यार्थ्याची अडचण खरी आहे. त्याने सहभागीच्या सोयीच्या वेळी तिच्या घरी जावे, येणे-जाणे तिच्यावर असेल तर भाडे द्यावे, आणि विनामोबदला झालेली मुलाखत अधिक शुद्ध असल्याचा दावा प्रबंधात करू नये. ज्याला मानधन देता येते त्याने ते बोलणे संपेपर्यंत अडकवून ठेवू नये; संमती घेतल्याबरोबर हातात द्यावे, आणि मधेच उठावेसे वाटले तरी ते परत मागितले जाणार नाही, हे त्याच वेळी सांगावे.