यिर्मयानेही विचारलंच होतं

‘खरा विश्वास ठेवणारा देवाला प्रश्न विचारत नाही’ हे विश्वासावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय बघा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा यरुशलेमेला वेढा, यिर्मया स्वतः कैदेत, आणि देव सांगतो, अनाथोथ गावचं शेत विकत घे. त्याने 17 शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावलं. (कागदपत्रं अगदी चोख, हे मला फार आवडतं!) पण व्यवहार उरकल्यावर प्रार्थनेत त्याने विचारलंच: शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? देवाने त्याला अविश्वासू ठरवलं नाही, उत्तर दिलं. बायबलमधल्याच गिदोन या पुढाऱ्याने तर देवाकडे लोकरीवरच्या दवाची खूण दोनदा मागितली होती.

माझ्या आजारी बहिणीला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं ऐकवून गेलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून हे लिहितोय. ती औषध घ्यायची, प्रार्थना करायची, शंकाही घ्यायची. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायातली विश्वासवीरांची यादी लेखात आहे, पण त्यांना वचनाचं फळ हयातीत मिळालं नाही, हे त्याच अध्यायात दोनदा म्हटलंय. ते मात्र लेखात गाळलंय.