गाडी काकांची नव्हती

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

इथे न्यू जर्सीत आमच्याजवळ जुन्या सिनेमांचा एक छोटा फेस्टिव्हल चालू आहे. लॉबीत 'घरचे जुने फोटो आणा' म्हणून एक भिंत ठेवलीय. मी काकांचा फोटो दिला होता. पांढऱ्या कडेवर 'नोव्हेंबर ६६' छापलेलं, लालभडक शेव्हरोले आणि बॉनेटला टेकून उभे काका. आज जाऊन बघते तर खाली चिठ्ठी डकवलेली: 'ते साधेसुधे, सुखाचे दिवस.'

कुणाचे सुखाचे?

हा फोटो सांगलीला आमच्या शोकेसमध्ये तीस वर्षं होता. अख्ख्या वाड्यानं त्यातून अमेरिका बघितली. मी इथे आल्यावर काका म्हणाले, "अगं, ती गाडी माझी कुठली! घरमालकाची." अमेरिकेच्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं आपल्या लोकांना दार उघडलं आणि पुढच्याच वर्षी काका इंजिनियर म्हणून आले. तीन ठिकाणी खोली विचारली. बाहेर पाटी लटकतेय, आणि आतून उत्तर काय, तर "आत्ताच गेली." वर्ण बघून घर नाकारू नये हा केंद्राचा कायदा व्हायला १९६८ उजाडलं. साधेसुधे दिवस म्हणे!

आणि त्या फोटोत काकांचा चेहरा दिसतच नाही. गाडीचं क्रोम लखलखतंय, काका मात्र काळा डाग. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "पोरगं किती काळवंडलंय गं, उन्हातान्हात राबवतात वाटतं." आजीला कोण सांगणार, की तेव्हा लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं, गोऱ्या बाईचा फोटो. तिची कांती नीट आली की प्रिंट पास. आपल्या माणसांचं काय होतंय, हे बघायला कुणी बसलेलंच नव्हतं.

कोडॅकनं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० पासून १९९० पर्यंत साठ फूट रुंदीचे फोटो लावले. हसरी कुटुंबं, तळी, बर्फ, कॅमेरा हातात घेतलेली आई. लोक गाडी पकडता पकडता ते बघायचे. आज ज्याला 'आमचा जुना काळ' म्हणून उसासे टाकतात, त्यातला निम्मा त्या जाहिरातीतला आहे.

नॉस्टॅल्जिया मलाही आहे, नाही कशाला म्हणू. परवा फेस्टिव्हलमध्येच सिनेमाची ३५ एमएमची जुनी प्रिंट बघताना डोळे भरून आले. ही मंडळी पदरमोड करून हे सगळं जपतात, तेही मान्य.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. चौथ्या घरी एका म्हाताऱ्यानं काकांना गॅरेजवरची खोली दिली. गाडी त्याची. "आईला पाठव" म्हणून गाडीपाशी उभं करून फोटोही त्यानंच काढला. तीन दारं बंद झाल्यावर चौथं उघडणारा तो माणूस. त्या चिठ्ठीनं त्यालाही पुसून टाकलं ना! काका त्याच्या अंत्यविधीला आठ तास गाडी चालवत गेले होते, तेव्हा स्वतःची गाडी होती.

टेबलावरच्या मुलीला मी हे सांगायला गेले, तर ती म्हणाली, "सुंदर गाडी आहे हो तुमच्या काकांची." भांडायचं त्राणच उरलं नाही.

उद्या शेवटचा दिवस. सकाळीच जाऊन चिठ्ठी बदलायला सांगणार आहे. नाही बदलली तर फोटो काढून घरी घेऊन येईन. एडिसनकडचं कुणी येणार असेल तर सांगा, दहाला निघतेय.