कायदा कुणाचा, कागद कुणाचा

सोलापुरातली, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या अक्का संध्याकाळी घरी आल्या त्या विड्यांचं सूप घेऊनच. बोलताना हात थांबत नव्हते. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, वळून दोरा. मध्येच पदराला खोचलेला एक झेरॉक्स कागद काढून पुढं केला. "सरकारनं मजुरीचा कायदा काढलंय म्हणं. मालक देईना की. कुणाकडं जावं सांगा." त्याआधी एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात त्या चार हेलपाटे घालून आल्या होत्या.

तो कागद कायदा नव्हता, अधिसूचना होती. तेव्हाचा किमान वेतन कायदा 1948 चा. विडीचा धंदा त्याच्या अनुसूचीत होता, पण मजुरीचा आकडा कायद्यात कुठंच नव्हता. आकडा ठरवायचा अधिकार कायद्यानं सरकारला दिलेला. म्हणजे कायदा करणारे वेगळे, आकडा काढणारे वेगळे, आणि मालकानं तो दिला नाही तर अर्ज ऐकून घेणारं तिसरंच कुणीतरी. अक्का पहिल्याच दारात उभ्या होत्या, त्यांचं काम तिसऱ्या दारात होतं. चार दिवसांची मजुरी त्यात बुडाली.

कागदाच्या शेवटी ओळ होती, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याची सही. अक्कांनी विचारलं, "राज्यपालांनी काढलं व्हय?" फार चांगला प्रश्न. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो, हे संविधानाचं कलम 166. ते वागतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, हे कलम 163. आपल्याकडच्या कितीतरी पदवीधरांनी ही ओळ शेकडो जीआरवर पाहिली असेल, पण हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही.

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. नागरिकशास्त्रात आपण हे पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि सोडून दिलं. तलाठ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना एकच शब्द, 'सरकार'. विधेयक, कायदा, अध्यादेश, जीआर, सगळ्याला 'सरकारनं काढलंय'. मला हे मनापासून खटकतं. शब्द चुकला की दार चुकतं, आणि दार चुकल्याची किंमत अक्कांसारख्या माणसांना मोजावी लागते.

सोलापूरकरांनी तर 'अध्यादेश', म्हणजे सभागृहाच्या मंजुरीआधीच निघणारा कायद्याच्या ताकदीचा हुकूम, हा शब्द विसरताच कामा नये. मे 1930 मध्ये आपल्या शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. त्याला कायद्याचं रूप दिलं व्हाइसरॉय आयर्विनच्या सहीच्या अध्यादेशानं. त्याच्या नावातच 'शोलापूर' होतं! सभागृहाची मान्यता लागली नाही. नियम लष्कराचे, पहारा लष्कराचा, शिक्षाही लष्करी अमलातल्या. तिरंगा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली. तिन्ही सत्ता एका मुठीत आल्या की काय होतं, ते आपल्या पेठांनी पाहिलंय. त्या आंदोलनानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याजवळून जाताना मला हे हटकून आठवतं.

अध्यादेश आपल्या संविधानातही आहे, कलम 123 आणि 213. पण त्याला वेसण घातली. अधिवेशन चालू नसतानाच काढता येतो, सभागृहापुढं ठेवावा लागतो, आणि अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो. हे सहा आठवडे कशासाठी, ते सोलापूरच्या शाळेत 1930 सांगूनच शिकवायला हवं. दोन मार्कांच्या व्याख्येत ते मावत नाही.

'परमादेश' हा शब्दही असाच. सरकारी यंत्रणा तिचं बांधलेलं काम करत नसेल, तर 'ते कर' असा उच्च न्यायालयाचा हुकूम, कलम 226 खाली. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. किती जणांना हे माहीत आहे?

त्या रात्री आम्ही कामगार कार्यालयाच्या नावानं अर्ज लिहिला. अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मी दोनदा तपासून घातली. अक्कांनी तंबाखूचे हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि तेलुगूत सही केली.